उंदराचं ‘औषध’ नव्हे, विष म्हणा

किराणा दुकानात जाऊन आपण ‘उंदराचं औषध’ मागतो. दुकानदारही विचारतो, ‘वडी देऊ की पुडी?’ झुरळाचं औषध, ढेकणाचं औषध, पिकावर फवारायचं औषध. विषाला औषध म्हणणं आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही खटकतच नाही. मला खटकतं. औषध म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. थोडंसं पोटात गेलं तर काय होणार आहे, असं त्याला वाटतं. हे ‘काय होणार आहे’ किती महागात पडतं ते आज लिहायचं आहे. निमित्त एका कुत्र्याचं आहे. मी माणसांचा डॉक्टर, पण हा विषय माझ्या टेबलावरच्या रोजच्या एका गोळीपासून सुरू होतो, म्हणून मला त्यात बोलायचा अधिकार आहे असं मी समजतो.

माझे एक जुने पेशंट आहेत. सत्तरी ओलांडलेली, हृदयात कृत्रिम झडप. रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी ते वर्षानुवर्षं घेतात आणि ठरल्यावेळी आयएनआरचा रिपोर्ट घेऊन येतात. मुलं परदेशी. घरी हे दोघं आणि सहा वर्षांचा लॅब्रेडॉर. एका सोमवारी त्यांच्या सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले आले आणि पार्किंगमागच्या पाइपांजवळ निळ्या वड्या टाकून गेले. पाटी नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप नाही. संध्याकाळी फिरताना कुत्र्याने त्यातल्या काही खाल्ल्या. तोंडाला लागलेला निळा रंग पाहून काकूंनी विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘काही होत नाही, ते फक्त उंदरांसाठी असतं.’

मंगळवारी कुत्रा ठणठणीत होता. बुधवारीही. शेपूट हलवत होता, जेवत होता. गुरुवारी संध्याकाळी जिना चढायला कुरकुर करू लागला. वय झालं असेल, असं वाटलं. शुक्रवारी नाकातून रक्त आलं. मे महिना होता. उन्हाने घोळणा फुटला, असं म्हणून डोक्यावर पाणी मारलं आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून कांद्याचा रस पाजला. शनिवारी सकाळी हिरड्या पांढऱ्याफटक आणि श्वासाला धाप. पशुवैद्यांनी छातीत सुई घातली तर आत रक्तच रक्त. उतारा शोधायला काका स्वतः दुकानं फिरले. दोन ठिकाणी ‘व्हिटॅमिन के’ म्हणून जे हातात पडलं ते भलतंच के होतं. त्याबद्दल पुढे लिहितोच. रात्री कुत्रा गेला.

पुढच्या महिन्यात आयएनआर दाखवायला आले तेव्हा काका म्हणाले, ‘डॉक्टर, मी रोज हीच गोळी खातो ना? मग मला कसं कळलं नाही?’

त्यांना कळलं नाही, कारण ते कळू नये अशाच बेताने हे विष बनवलेलं असतं.

उंदीर हा भलताच संशयी प्राणी. नवं खाणं दिसलं की आधी थोडं चाखून बघतो. खाऊन लगेच त्रास झाला, तर पुन्हा त्या खाण्याला तोंड लावत नाही. त्यामुळे तडकाफडकी मारणारं विष एकदा वापरलं की पुढे निम्मं वाया जातं. यावर शोधलेला उपाय म्हणजे उशिरा काम करणारं विष. आज खाल्लं, तीन-चार दिवसांनी मरण. तोवर उंदराला त्या वडीचा आणि आपल्या दुखण्याचा संबंध लागत नाही. उंदराला फसवण्यासाठी मुद्दाम ठेवलेला हा उशीर कुत्र्याच्या मालकालाही तसाच फसवतो. सोमवारची वडी आणि शुक्रवारचं रक्त यांची सांगड कोण घालणार?

हा उशीर कुठून येतो ते समजून घ्या. रक्त गोठवणारे काही घटक आपल्या यकृतात तयार होतात. दुसरा, सातवा, नववा आणि दहावा या क्रमांकांनी आम्ही ते ओळखतो. ते कामाला येण्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. शरीर हे के एकदा वापरून टाकून देत नाही. पंगतीतली ताटं घासून पुन्हा मांडावीत, तसं एक एन्झाइम वापरलेलं के पुन्हा वापरण्याजोगं करतं. वॉरफॅरिन काय आणि या वड्यांतलं ब्रोमाडायोलोन काय, दोघंही ताटं घासणाऱ्याला अडवून ठेवतात. पण पंगत लगेच थांबत नाही. आधी मांडलेली ताटं असतात, ती संपेपर्यंत वाढणं चालू राहतं. बाहेर बसलेल्यांना आत काय बिघडलंय याचा पत्ता नसतो. ताटं संपली की सगळं एकदम ठप्प. मग अंगावर आतल्या आत कुठेही रक्तस्राव सुरू होतो.

वॉरफॅरिनचा जन्मच गुरांच्या गोठ्यातला आहे. १९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडातल्या थंड प्रदेशात गुरं साध्या जखमेनेही रक्त वाहून मरू लागली. बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं चारापीक खाल्ल्यामुळे हे होतं, असं तिथल्या पशुवैद्यांनी शोधलं. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. सहा वर्षांच्या खटपटीनंतर त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं करण्यात यश आलं. त्याच घराण्यातलं वॉरफॅरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला बाजारात आलं आणि नंतर माणसांच्या दवाखान्यात. १९५५ च्या हृदयविकारानंतर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं गेलं. म्हणजे इथे विषाचं औषध झालं, मोजूनमापून आणि रक्त तपासत. आपण मात्र बिनमापाच्या विषालाच औषध म्हणून मोकळे होतो.

आणि आजच्या वड्यांत बहुधा वॉरफॅरिन नसतंच. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये वॉरफॅरिनला दाद न देणारे उंदीर सापडले. मग त्याहून जहाल अशी दुसरी पिढी आली. ब्रोमाडायोलोन, ब्रोडिफॅकम ही त्यातली नावं. वॉरफॅरिन उंदराला बरेच दिवस खायला लागायचं, यांचं एकदाच पोटभर खाणं पुरतं. वडीवर ०.००५ टक्के लिहिलेलं असतं, ते वाचून लोकांना हायसं वाटतं. शंभर ग्रॅममध्ये जेमतेम पाच मिलिग्रॅम! पण काका जी गोळी खातात, तीही मिलिग्रॅममध्येच असते. शिवाय वॉरफॅरिन थांबवलं की काही दिवसांत त्याचा अंमल ओसरतो. ही नवी द्रव्यं यकृतात आठवडेच्या आठवडे ठाण मांडतात.

आता माझं भांडण कोणाशी आहे ते सांगतो.

पहिलं भांडण वडी टाकून, न सांगता निघून जाणाऱ्यांशी. या विषाचं लक्षण तीन दिवस दिसत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी जीव वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे माहिती. आज इथे विष टाकलं आहे, त्याचं नाव हे, एवढं कळलं असतं तर काकूंनी सोमवारी संध्याकाळीच कुत्र्याला दवाखान्यात नेलं असतं. खाल्ल्यावर पहिल्या काही तासांत पशुवैद्य उलटी करवू शकतात, पोटातलं विष धरून ठेवायला कोळशाची पूड देऊ शकतात आणि उतारा सुरू करून ठेवू शकतात. या विषाला उतारा आहे, हे लक्षात घ्या. किती विषांबद्दल असं म्हणता येतं? उतारा असलेल्या विषाने केवळ कोणी सांगितलं नाही म्हणून जीव जावा, याला मी अपघात म्हणायला तयार नाही. सोसायटीचे पदाधिकारी काकांना काय म्हणाले? ‘कुत्रा सांभाळता येत नाही तर पाळता कशाला?’ उद्या तीच वडी कोणाच्या रांगत्या नातवाने उचलली, तर त्यालाही हेच विचारणार का?

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. उंदीर मारायचेच नाहीत का? मारायचे. दर पावसाळ्यात लेप्टोचे पेशंट बघणारा मी डॉक्टर आहे. उंदरांच्या मुतातून पसरणारा हा आजार तरण्याताठ्या माणसाची मूत्रपिंडं आणि फुप्फुसं चार दिवसांत निकामी करू शकतो, आणि तो कुत्र्यांनाही होतो. तेव्हा उंदरांबद्दल मला अजिबात कळवळा नाही. पण विष वापरायच्या रीती असतात. कुलूपबंद, भिंतीला ठोकलेल्या पेटीत ते ठेवता येतं. त्यात उंदीर शिरतो, कुत्र्याचं तोंड शिरत नाही. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्येच घरगुती ग्राहकांच्या हाती ही दुसऱ्या पिढीची विषं जाऊ नयेत आणि घरगुती आमिष अशा पेटीतूनच विकलं जावं, असा निर्णय घेतला. आपल्याकडे कीटकनाशक कायदा १९६८ पासून आहे, वेष्टनासोबत विषबाधेची लक्षणं आणि उतारा यांची माहिती देणं बंधनकारक आहे. पण ती भिंगाने वाचावी अशा अक्षरात, आणि वडी वेष्टनातून काढून पाइपाजवळ टाकली की तीही गेली. आणि खरं सांगायचं तर कचऱ्याचे डबे उघडे ठेवून वड्यांवर वड्या टाकणं म्हणजे एका हाताने जेवू घालणं आणि दुसऱ्याने मारणं. विष खाऊन गुंगलेला उंदीर गव्हाणी घुबड उचलतं, मांजर उचलतं, आणि फुकटात उंदीर खाणारे हे शिकारीही मरतात. वर्षभरात किती फायदा झाला, याचा हिशोब कोणीतरी मांडावा.

दुसरं भांडण औषधांच्या दुकानांशी, आणि थोडं आमच्या बिरादरीशीही. ‘व्हिटॅमिन के द्या’ म्हटलं की काउंटरवरचा मुलगा हाताला लागेल ते देतो. या विषावर चालतं ते के-१, म्हणजे फायटोमेनाडायोन. के-३, म्हणजे मेनाडायोन, या विषावर उतारा म्हणून कुचकामी आहे. नावात के असलं तरी ते इथे कामाचं नाही. वेष्टनावर रासायनिक नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याचप्रमाणे घरातल्या डब्यातली ‘रक्त थांबवायची’ ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोळीही इथे चालत नाही. ती झालेली गुठळी टिकवते, आणि इथे मुळात गुठळी व्हायची सामग्रीच संपलेली असते. दुखतंय म्हणून कुत्र्याला आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देणं म्हणजे तर आगीत तेल. कांद्याचा रसही नको. कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. दूध, तूप, मिठाचं पाणी यातलं काहीही उतारा नाही, आणि मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम वाढून नवंच संकट उभं राहतं.

पॅथॉलॉजी लॅबवाल्यांनाही एक विनंती. या विषबाधेत जी तपासणी सर्वांत आधी बिघडते, ती प्रोथ्रॉम्बिन टाइमची, म्हणजे आयएनआर ज्यातून काढतात तीच. ‘आम्ही कुत्र्याचं रक्त घेत नाही’ असं सांगून रात्री नऊ वाजता माणसाला परत पाठवू नका. सायट्रेटच्या निळ्या झाकणाच्या नळीत एका निरोगी कुत्र्याचं रक्तही शेजारी तपासलं, की तुलना करता येते, कारण माणसाचे आकडे कुत्र्याला लागू होत नाहीत. निदान कसं करायचं ते पशुवैद्य बघतील, तुम्ही फक्त आकडा द्या.

आता कुत्रा पाळणाऱ्यांसाठी. हे रक्त नेहमी डोळ्यांना दिसत नाही. बरेचदा ते छातीत, पोटात, सांध्यात साचतं. म्हणून सुस्ती, धाप, कोरडा खोकला, अचानक लंगडणं, कातडीखाली मोठी गाठ, डांबरासारखी काळी शी, आणि ओठ उचलून पाहिलं तर गुलाबीऐवजी फिक्या हिरड्या, यातलं काहीही असलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. हिरड्या कशा दिसतात ते आजच बघून ठेवा, म्हणजे बिघडल्यावर फरक कळेल. शीमध्ये निळा किंवा हिरवा रंग दिसला तर तोही पुरावा आहे. दवाखान्यात जाताना वेष्टन, निदान त्याचा फोटो, सोबत न्या. कारण उंदीर मारायची सगळी विषं एका जातीची नसतात. झिंक फॉस्फाइडची काळसर पूड पोटात विषारी वायू सोडते, पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यकृत जाळते. त्यांना व्हिटॅमिन के हा उतारा नाही. नाव कळलं नाही तर पशुवैद्याने अंधारात काठी मारायची का?

मात्र प्रत्येक रक्तस्रावाला विष जबाबदार धरून शेजाऱ्यांच्या अंगावर धावूनही जाऊ नका. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्यांमध्ये भरपूर आढळतो आणि त्यात प्लेटलेट कोसळतात. तिथे पोटावर आणि हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, नाकातून रक्त येतं. कधी शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेटवर उलटते. विषाच्या रक्तस्रावात ठिपक्यांपेक्षा मोठे डाग आणि आत साचलेलं रक्त जास्त. ढोबळ फरक आहे, निदान रक्त तपासूनच. गोचीडतापाचा उपचार वेगळा आणि तो वेळेवर झाला तर बहुतेक कुत्री सावरतात. पपईच्या पानांचा रस पाजत बसू नका, एवढंच सांगतो. माणसांच्या डेंग्यूत त्या रसाने आधीच पुरेसा वैताग दिलेला आहे.

रक्तस्राव सुरू झाल्यावर नुसतं के-१ देऊन लगेच भागत नाही, कारण नवे घटक तयार व्हायला कित्येक तास लागतात. मधला वेळ निभावायला दुसऱ्या कुत्र्याचं रक्त किंवा प्लाझ्मा द्यावा लागतो. माणसाचं रक्त चालत नाही, हा प्रश्न मला खरोखर विचारला गेलाय. कुत्र्यांमध्ये एक सोय निसर्गानेच केली आहे: ज्याला आधी कधी रक्त दिलेलं नाही, अशा कुत्र्याला पहिल्या वेळी दिलेलं दुसऱ्या कुत्र्याचं रक्त बहुधा सोसतं. तरी तपासून देणं उत्तम. प्राण्यांच्या रक्तपेढ्या आपल्याकडे इतक्या मोजक्या आहेत की रात्री-बेरात्री धावाधाव होते ती ओळखीतला धडधाकट, मोठा कुत्रा शोधण्यासाठी. तुमच्या भागातल्या कुत्रेवाल्यांचा ग्रुप असेलच. कोणाचा कुत्रा रक्त देऊ शकेल, याची यादी त्यात आधीच करून ठेवा. वाढदिवसाच्या केकच्या फोटोंमध्ये एवढी जागा निघेल.

जो वाचतो त्याच्या घरची कसोटी पुढे असते. पंगतीचंच उदाहरण पुढे न्यायचं तर के-१ देणं म्हणजे बाजारातून नव्या पत्रावळ्या आणत राहणं. ताटं घासणारा सुटून येईपर्यंत ते थांबवायचं नाही. दुसऱ्या पिढीच्या विषात हा काळ साधारण तीन ते चार आठवड्यांचा असतो. पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागतो आणि घरचे गोळ्या थांबवतात. मग आठवड्याभरात पुन्हा रक्त. डोस आणि दिवस पशुवैद्य ठरवतील. गोळी स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत दिली की नीट शोषली जाते. त्या दिवसांत पळापळ नको, दांडगाई करणारा मित्र नको, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा, चघळायला हाड नको, आणि विचारल्याशिवाय स्नायूत इंजेक्शन नको. गोळ्या संपल्यावर दोन-तीन दिवसांनी प्रोथ्रॉम्बिन टाइम पुन्हा करायचा. तो नीट आला तरच सुटका. खर्च होतो, रजा पडतात, झोप जाते. घरातलं माणूस आजारी असताना जे होतं, तेच होतं.

आणि ज्यांचा कुत्रा वाचला नाही, त्यांना ‘एक कुत्राच तर होता, दुसरा आणा’ असं सांगणाऱ्यांनी जरा गप्प बसावं. काकांचं वजन त्या महिन्यात तीन किलोंनी उतरलं होतं, जेवणाचं तंत्र बिघडल्यामुळे आयएनआर वरखाली झाला होता. दुःख शरीरात उतरतं, ते आमच्या कागदावर आकड्यांत दिसतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की चार दिवस कुत्रा चांगला दिसत असताना तुम्हाला संशय यायला हवा होता, ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्यांना विषाचं नाव ठाऊक होतं त्यांनी ते सांगायला हवं होतं.

काकांनी नंतर सोसायटीच्या सभेत एक मजकूर वाचून दाखवला. वादावादी झाली, पण शेवटी तो मंजूर झाला. त्यांच्या परवानगीने इथे देतो, वाटेल त्याने उतरवून घ्यावा आणि आपल्या इमारतीच्या फलकावर लावावा:

‘आज दिनांक ____ रोजी आवारात उंदीर मारण्याचे विष ठेवले आहे. विषाचे नाव ____, प्रमाण ____ टक्के. जागा: ____. विष कुलूपबंद पेटीत आहे. पेटी फुटलेली किंवा बाहेर वडी दिसल्यास ताबडतोब ____ यांना फोन करावा. उरलेले विष दिनांक ____ रोजी उचलले जाईल. मुलाने किंवा पाळीव प्राण्याने खाल्ल्याची शंका आली, तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता या कागदाचा फोटो घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा पशुवैद्यांकडे जावे. वेष्टन सोसायटीच्या कार्यालयात ठेवले आहे.’